डबा ज्याचा, खाऊ त्याचा

१

भुलाबाईचे दिवस सुरू झाले आणि महागावात, हबीबचाचांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत रोज दिवेलागणीला एक डबा वाजू लागला.

वाजवायची आभा. ओट्यावर टॉवेलची घडी, घडीवर फोन आणि फोनजवळ कडीचा स्टीलचा डबा. आत कधी फुटाणे, कधी खारकेचे तुकडे, कधी नुसत्या साखरेच्या पुड्या. फरशीवर बसलेली दीड वर्षाची रेणू आ वासून पाहत राहायची. मग तो आवाज कळंबला सासूबाईंकडे, फुलसावंगीला मावससासूबाईंकडे आणि नागपूरला नणंदेकडे, निकिताकडे जायचा आणि तिघी जणी ग्रुपवर ओळखायला बसायच्या.

"रेणूची भुलाबाई आहे," रजनीबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधीच बजावलं होतं. "गाणी तुले येत नाहीत, राहू दे. पण खाऊ ओळखल्याबिगर भुलाबाई होत नसते. अन् नियम आपल्या घरचे, सांगून ठेवते."

नियम सोपे होते. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही. कोणी बरोबर ओळखलं की डबा उघडायचा आणि खाऊ वाटून टाकायचा. कोणी 'हरलो' म्हटलं, की डबा न उघडता परत. डबा ज्याचा, खाऊ त्याचा. आणि ओळखणं चालू आहे तोवर झाकणाला कोणी हात लावायचा नाही.

"पण फोनवर वाटायचा कसा, आई?"

"तू खा आमच्या नावानं."

सासूबाईंचा हा एक हुकूम आभाने लग्नानंतर पहिल्यांदाच तक्रार न करता पाळला.

अडचण वेगळीच आली. ग्रुपवर फुलांच्या शुभ सकाळीत डब्याचा आवाज हरवायचा. फुलसावंगीच्या मावशींचा फोन तर कायम भरलेला. त्यांना काही उतरवून घेताच यायचं नाही. तेव्हा खाली राहणाऱ्या फरहाने, हबीबचाचांच्या सुनेने, तोडगा काढला. ती मेंदीच्या डिझाइनचे फोटो एका साइटवर ठेवायची. तिथे फाइल टाकली की दोन लिंक मिळतात.

"ही पहिली लोकांसाठी, भाभी. उघडा, ऐका, बस. दुसरी सिर्फ तुमच्यासाठी. तिच्यानं फाइल टाकता येते, काढता येते, नाव बदलवता येते. पासवर्ड-बिसवर्ड काही नाही. ज्याच्या हातात लिंक, तो मालिक. ती कोणाले देऊ नका, हां."

"मी कशाला देते?" आभा म्हणाली. आणि खरंच, ती काही विसरभोळी बाई नव्हती. म्हणजे होती, पण आपण विसरभोळ्या आहोत हे ती विसरत नव्हती. बाहेर पडताना ती कुलपाचा फोटो काढायची, म्हणजे बसस्टँडवरून 'लावलं होतं ना?' म्हणत परत यायला नको. गॅसच्या बटणाचाही काढायची. रेणूचा मात्र एकही फोटो तिने आजवर नेटवर टाकला नव्हता. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईने दृष्टबिष्ट मानू नये, म्हणून ती त्याला प्रायव्हसी म्हणायची.

चांगलं चाललं होतं. मग एका संध्याकाळी, शेंगदाणे वाजवून झाल्यावर, सासूबाईंचा फोन आला.

"काय गं, आज दोन डबे काहून वाजवले?"

२

"एकच वाजवला, आई."

"मग मी काय बहिरी आहे? दुसरा मीच तर ओळखला."

आभाने पान उघडलं. वर तिची फाइल, 'आजचा खाऊ'. खाली आणखी एक. तिला नाव होतं 'बरोबर'.

ग्रुपवर पाहिलं तर खेळ केव्हाच आटोपला होता. मावशींनी 'चिंचोके' म्हटलं होतं, निकिताने 'गोट्या', आणि रजनीबाईंनी, 'बटणं. माझ्या शिवणाच्या डब्यात असाच आवाज होते.' खाली निकिताचा हसरा चेहरा होता. 'आईनं बरोबर ओळखलं, वहिनीनं फाइलचं नाव बदललं बघा.'

आभाने ती फाइल ऐकली. डबा तिचाच होता. त्या कडीची किणकिण तिला झोपेतही ओळखू आली असती. पण खुळखुळवणं तिचं नव्हतं. ती भरभर वाजवायची. हे कुणीतरी डबा हळूच एका अंगाला कलंडवत होतं, थांबत होतं, मग दुसऱ्या अंगाला. आतलं काहीतरी चार-दोन दाण्यांइतकं, घरंगळत जायचं आणि पत्र्याला टेकायचं. अशा सावकाशीने कोणी डबा वाजवत नाही. वाजवणारा स्वतःच आत काय आहे ते ऐकत होता.

ती ग्रुपवर वर वर सरकत गेली. पहिल्या दिवशी पाठवलेल्या लिंकपाशी येऊन थांबली. तिने दुसरी लिंक टाकली होती. फक्त तिच्यासाठी होती ती. आणि तिच्याखाली मावशींनी कळवलं होतं, की त्यांनी ती आपल्या भजनी मंडळालाही पाठवली, वर लिहून, 'ज्यांच्या घरी लेकी आहेत त्यांनी जरूर ऐका.' मंडळातून पुढे कुठे कुठे गेली, कोण सांगणार.

सलील, तिचा नवरा, यवतमाळला कार्यालयात असायचा आणि शनिवारी यायचा. तिने त्याला फोन लावला.

"अगं, कुणीतरी गंमत केली. भजनी मंडळातल्या बायाही काही कमी नसतात."

"पण आपला डबा आहे तो, सलील."

"स्टीलचा डबा आहे. विदर्भात आणखी कोणाकडे नसेल का?"

ती हसली. मग त्याने, 'तू दुपारी झोपतेस का नीट?' असं विचारलं आणि तिचं हसू गेलं. ती फार विचार करते असं वाटलं की तो झोपेबद्दल विचारायचा.

सकाळी रेणूची आंघोळ झाल्यावर तिने पिवळा फ्रॉक काढला. पाठीवरची बटणं नव्हती. तुटली असती तर दोरे लोंबले असते. दोऱ्याचे टाके जागच्या जागी होते, गाठीसकट, घट्ट; बटणाएवढी जागा सोडून शिवलेले.

आभा बराच वेळ तो फ्रॉक हातात धरून उभी राहिली. मग तिने त्याचा फोटो काढला.

३

"बंद नाही करता येत, भाभी," फरहा पान चाळत म्हणाली. "खाली करता येते. मी सगळ्या फाइली उडवल्या, पहा. काही दिवस कोणीच उघडलं नाही तर पान आपोआप मरते. पण कोणी उघडत राहिलं तर जिंदा राहते."

"आणि ज्याच्याकडे ती लिंक आहे तो?"

"तो टाकूच शकते काही बी. म्हणून तर म्हटलं होतं."

फरहाने हे फटकारून नाही, कळवळून म्हटलं. आभाला ते जास्त लागलं.

तिने नवं पान काढलं, पहिली लिंक दोनदा तपासून ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, 'जुनी लिंक कृपया कोणीही उघडू नका.' मावशींनी हात जोडले आणि गुलाब पाठवला. म्हणजे वाचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आभाने नव्या पानावर शेव वाजवली. कुणीच काही बोललं नाही. तिने फोन खाली ठेवला आणि रेणूला भात भरवायला घेतला. दुसऱ्या घासाला ग्रुप वाजायला लागला.

'चांदीचं काही आहे.' मावशी.

'नाणी?' निकिता.

आभाने जुनं पान उघडलं. एकच फाइल. नाव 'ओळखा'. तिने ती कानाशी लावली. तोच डबा, तीच सावकाशी, आत बारीक किणकिणाट. आणि या वेळी त्याच्या मागे खोली होती. पंखा होता, दर फेऱ्याला टक् करणारा, तिच्या डोक्यावरचा. खाली हबीबचाचांच्या यंत्राची घरघर होती. चाचा दुपारच्या नमाजनंतर ते सुरू करायचे. आणि फोनच्या अगदी जवळ, झोपलेल्या माणसाचा श्वास. श्वास आत जाताना नाकात बारीक शिट्टी वाजत होती.

त्या शिट्टीवरून सलील तिला लग्नापासून चिडवत आला होता.

तिने घाईघाईने टाइप केलं, 'कोणी ओळखू नका.' पाठवायच्या आधीच वर रजनीबाईंचा शब्द येऊन बसला होता. 'घुंगरू.'

फाइलचं नाव तिच्या डोळ्यांसमोर बदललं. बरोबर.

रेणू भाताचा हात झटकत तिच्याकडे धावत आली. तिच्या पायांतल्या वाळ्यांचा आवाज झाला नाही. आभाने तिला उचललं, पाय हातात घेतले. घुंगरांच्या कड्या होत्या, सगळ्या मिटलेल्या, एकही उचकटलेली नव्हती. घुंगरू तेवढे नव्हते.

"काय ग बाई," ती मोठ्याने म्हणाली, जणू रेणूने काही सांडलं होतं. "काय ग बाई हे."

४

तिने शास्त्राच्या विद्यार्थिनीसारखा विचार करून पाहिला. शक्यता पहिली: मी झोपेत उठते, हे सगळं करते आणि विसरते. कुलपाचे फोटो काढणाऱ्या बाईच्या बाबतीत हे अगदीच अशक्य म्हणता येणार नव्हतं. उलट तिला ही शक्यता बरी वाटली. स्वतःला वेड लागलं असेल तर दार आतून लावून काही फायदा नसतो, पण निदान बाहेर कोणी नसतं.

पण मग श्वासाचं काय? जी झोपून घोरत होती तीच डबा कशी वाजवेल?

तेव्हा तिने प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर फोन बंद करून खाली फरहाकडे दिला. रेणूला कुशीत घेऊन दुपारभर भिंतीला टेकून जागी बसली. डबा समोर ठेवला आणि नजर हलवली नाही. रेणूला थोपटताना ती काहीबाही गुणगुणत होती, शब्द नसलेलं. एकदा तिला शिंक आली. डबा हलला नाही. पंख्याची टक् टक् आणि चाचांचं यंत्र, एवढंच. रेणू झोपली, जागी झाली, खेळली. ऊन पुसट झालं.

फोन घेऊन फरहाच वर आली. तिचा चेहरा पाहून आभा उठली.

"भाभी, मी चालू केला नाही, कसम से. माझ्या फोनवर पाहिलं. उगाच पाहिलं, की कोणी काही टाकलं का."

फरहाच्या फोनवर दोघींनी मिळून ऐकलं. पंखा होता. यंत्र होतं. आभाचं शब्द नसलेलं गुणगुणणं होतं, अगदी जवळून, आणि मध्येच तिची शिंक. त्या सगळ्याखाली डब्यात काहीतरी फिरत होतं, इतकं मऊ की आवाज येत नव्हता, आवाज थोडा दबत होता फक्त.

"तुम्ही तर जाग्या होत्या ना?" फरहाने विचारलं. आभाने मान हलवली. फरहाने ओढणी सावरली आणि दाराची कडी लावून घेतली. मग आपण आतल्या बाजूला आहोत हे लक्षात येऊन पुन्हा काढली.

आभाने सासूबाईंना फोन लावला. लागला तेव्हा ती ओरडलीच, "आई, ओळखू नका! आजचं ओळखू नका!"

"ओरडते कायले? ओळखलं बी. निकिता कापूस म्हणे, तुझी मावशी लोकर म्हणे. मी म्हटलं, लोकर अशी नाही फिरत. केस आहेत ते."

रेणू मांडीत होती. आभाने तिचे केस बाजूला केले. उजव्या कानामागे, बोटभर जागेत, काहीच नव्हतं. कापलेल्याची खूण नाही, खरखर नाही. तळहातासारखी कातडी, तिथे कधी काही उगवलंच नव्हतं अशी.

आणि त्या केसांना अजून कोणी हात लावला नव्हता. रेणूचं जावळ माहूरला द्यायचं बोललेलं होतं.

५

रजनीबाई दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून आल्या. पिशवी दारात टाकली, रेणूला ओढून मांडीवर घेतलं, कानामागे पाहिलं.

"माहूरचं जावळ आहे हे. अन् तू कात्री लावली?"

"मी नाही लावली."

"मग काय उंदरानं नेलं? सलील सांगून राह्यला का तुले झोप लागत नाही. सांगायचं होतं ना, बाप्पा. मी आधी आली असती. पण पोरीच्या डोक्यावर..."

आभाने वाद घातला नाही. खरं तर तिला आशा होती. सासूबाईंनी ठामपणे 'तूच केलं' म्हटलं असतं तर ती मान्य करून मोकळी झाली असती. तिने फक्त रेणूचे पाय पुढे केले.

रजनीबाईंनी वाळे पाहिले. चष्मा लावून पुन्हा पाहिले. हे वाळे त्यांनीच कळंबच्या सोनाराकडे पुढ्यात बसून करून घेतले होते. त्यांनी एक कडी नखाने ओढली, मग दाताखाली धरली. कडी सांधलेली होती.

"हे तर डाग देऊन बंद केलेलं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी उभी होती तिथं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी विचारलं ते आभाच्या मनात नव्हतं आलं.

"बटणं मी ओळखली. घुंगरू मी ओळखले. केसही मीच. नाही?"

"तुम्हाला काय माहीत, आई."

"मले आवाज ओळखू येते म्हणून मी मिरवून राह्यली होती." त्यांनी रेणूला छातीशी धरलं. "ओळखलं का वाटून टाकायचा. नियम मीच सांगितले ना तुले?"

"पण आपण ग्रुपवर ओळखतो. उत्तर त्या पानावर येतं. ग्रुपमध्ये तर आपण घरचेच आहोत."

दोघींनी ग्रुपमधली नावं पाहिली. सलील, निकिता, मावशी, त्या दोघी. दुसरं कोणी नव्हतं.

रजनीबाईंनी बहिणीला आणि लेकीला फोन करून सांगितलं, पान उघडू नका, काही ओळखू नका, कारण विचारू नका. निकिताने कारण विचारलं. मावशी म्हणाल्या, "बरं बाई," आणि त्यांच्या 'बरं बाई'चा काही भरवसा नव्हता. आभाने डबा रिकामा करून, पुसून, खाली फरहाकडे ठेवायला दिला. संध्याकाळी काहीच वाजवलं नाही. सलीलला तिने निघून ये म्हटलं. तो दिग्रसपर्यंत आलो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली थट्टा गेलेली होती, कारण आईने त्याला आधीच काहीतरी सांगितलं होतं.

दिवा लावून सासू-सुना स्वयंपाकघराच्या दारात बसल्या, रेणूला मध्ये घेऊन. बाहेर मशिदीतली अजान झाली. चाचांचं यंत्र थांबलं.

मग फाइल आली.

६

"लावू नको," रजनीबाई म्हणाल्या.

"न ऐकता कळणार कसं, आई?"

तिने आवाज अगदी बारीक केला. या वेळी डबा नव्हता. कडीची किणकिण नव्हती. काहीतरी मोठं होतं, खोल, धान्याच्या रिकाम्या कोठीत डोकं घालून बोललं की जसा आवाज फिरून येतो तसं. कोणी ते हलवत नव्हतं. हालचाल आतून होती. पत्र्यावर काहीतरी थापटलं जात होतं, छोटं आणि मऊ, थांबून पुन्हा. मग आत कोणी हसलं. हसता हसता उचकी लागली.

आभाने फाइल थांबवली. दोघींनी एकाच वेळी खाली पाहिलं. रेणू दोघींच्या मध्ये बसून चमचा चाटत होती.

ते हसणं घरातल्या कुणालाही अर्ध्या क्षणात ओळखू आलं असतं. रजनीबाईंचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला.

ग्रुपवर अक्षरं उमटली. मावशी आवाज रेकॉर्ड करत होत्या.

"फोन लाव! तुह्या फोनवरून लाव, माझा उचलत नाही ती!"

आभाने लावला. वर ते 'रेकॉर्ड करत आहे' तसंच चालू होतं. घंटी वाजली, पुन्हा वाजली, आणि मावशींचा आवाज आला. "अगं थांब, मी तेच सांगून राह्यली होती, हे तर आपल्या..."

"मावशी, नाव घेऊ नका!"

"आँ?"

रजनीबाईंनी फोन हिसकावला. "सुमे, तुले माझी शप्पथ आहे. तोंड बंद ठेव. ग्रुपवर एक शब्द टाकू नको."

वरचं 'रेकॉर्ड करत आहे' पुसलं गेलं. सख्ख्या बहिणीने इतक्या वर्षांत शपथ घातली नसावी.

कोणीच काही ओळखलं नाही. पंखा टक् टक् करत राहिला. आभाला वाटलं, एवढंच आहे. गप्प बसायचं. कोणी उघडलं नाही तर पान मरतं, फरहा म्हणाली होती.

मग फाइलचं नाव बदललं. 'हरलात का?'

आभाने ते वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. रजनीबाईंचा चेहरा असा उतरला की तिला त्यांचं वय दिसलं.

"हरलो म्हटलं का डबा त्याचा," त्या म्हणाल्या. "अन् गप्प बसलं म्हणजेही हरलंच. ओळखलं का वाटला जाते. हरलं का तो ठेवून घेते." त्यांनी आभाचं मनगट धरलं. "ओळखणं चालू ठेवायचं. झाकणाले हात लावता येत नाही तोवर. टाक. काही बी टाक. चुकीचं."

आभाने टाइप केलं. 'मुरमुरे.'

'नाही', फाइल म्हणाली.

'लाह्या.' 'नाही.'

'फुटाणे.' 'नाही.'

निकिताने विचारलं, 'वहिनी, काय चाललंय? हा तर सरळ'

आभाने तिचं वाक्य पुरं होण्याआधी लिहिलं, 'निकिता, पाया पडते. चुकीचं ओळख. फक्त चुकीचं. खाण्याची नावं टाक.'

निकिताने तो मेसेज पुसला. तीही आई होती. मग तिच्याकडून आलं, 'बत्तासे.' मावशींकडून आलं, 'खोबऱ्याचे तुकडे.' दिग्रसहून निघालेल्या बसमधून सलीलने लिहिलं, 'शंकरपाळे.' आयुष्यात त्याने या खेळात कधी भाग घेतला नव्हता.

नाही. नाही. नाही.

एकेक नाव म्हणजे एकेक श्वास, असं चाललं. तिळाची वडी. गुळाचा खडा. डाळ्या. करंजी. रजनीबाई एका हाताने बोटांवर मोजल्यासारखं करत आधी काय झालं ते आठवत होत्या, एकही नाव दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून, आणि आभा लिहीत होती. ती अक्षरं तपासत नव्हती. एकदा चकलीचं काहीतरी भलतंच झालं, तरी 'नाही' आलं आणि ती जवळजवळ हसली. किती नावं असतात खाण्याची? एका बाईला किती येतात? चौघींना किती? सलील पोचला तर काही होईल का? काय होईल? तो बसून आणखी काही नावं सांगेल, एवढंच.

मावशी अडल्या. निकिता कणीक, रवा, मैदा असं काहीही लिहू लागली होती. आभाने पुढचं नाव शोधताना नजर वर केली आणि तिचा अंगठा स्क्रीनवर चुकीच्या जागी पडला.

फाइल वाजली.

मघाच्या हिसकाहिसकीत आवाजाचं बटण दबलं होतं, मोठ्या आवाजात वाजली. खोल पत्र्यातलं ते थापटणं सगळ्या खोलीत आलं, आणि मागोमाग हसू, उचकीसकट.

रेणूने चमचा खाली टाकला. ऐकलं. तिचा चेहरा खुलला. ती फोनकडे पाहून हसली, अगदी तस्सं, आणि तिलाही उचकी लागली. मग तिने बोट उचललं आणि ते आपल्या छातीवर टेकवलं. तिला ओळखू आलं होतं. डोळे चमकत होते, ओठांचा चंबू झाला, शब्द तयार झाला होता.

आभाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

हळूच ठेवला. मग घट्ट. तळहाताला लेकीचा गरम श्वास लागत होता, ओले ओठ हलत होते, आधी खेळ समजून, मग खेळ न समजून. रजनीबाई म्हणाल्या, "सोड, गुदमरेल पोर," आणि लगेच म्हणाल्या, "सोडू नको." त्यांनी फोन उचलला आणि एका बोटाने अक्षरं शोधत काहीतरी टाइप करू लागल्या, कु, र, ड...

त्यांचं बोट थांबलं. त्या स्क्रीनकडे पाहत राहिल्या आणि फोन आभाच्या समोर धरला.

फाइलचं नाव बदललं होतं.

'तिला बोलू दे.'